उल्का मोजणाऱ्यांनी ग्रामसभेत बसावं

दरवर्षी ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात मराठी बातम्यांत एक मजकूर हमखास झळकतो: आज रात्री आकाशात उल्कांची बरसात, साध्या डोळ्यांनी पाहता येणार! वाचणारा उत्साहाने खिडकी उघडतो, तर बाहेर पावसाची झड लागलेली. ययाती तारकासमूहाच्या दिशेने येणारा हा पर्सिड्सचा वर्षाव युरोप-अमेरिकेत ऐन उन्हाळी सुट्टीत येतो, म्हणून तिकडे त्याचं एवढं कौतुक. तिकडची बातमी इकडे जशीच्या तशी उतरवली जाते. आपल्याकडे हा वर्षाव ढगांच्या वरच होऊन जातो.

महाराष्ट्राला आणि गोव्याला हाताशी येणारा सगळ्यांत भरघोस उल्कावर्षाव डिसेंबरातला, १३-१४ तारखेच्या रात्रीचा. मिथुन राशीतला, म्हणजे जेमिनिड्स. पाऊस सरून दोन महिने झालेले असतात, हवा कोरडी असते, रात्र मोठी असते. उल्का ज्या बिंदूतून आल्यासारख्या वाटतात तो उगमबिंदू पुनर्वसूतल्या कॅस्टर या ताऱ्याजवळ असतो आणि आपल्या अक्षांशावर रात्री दोनच्या सुमाराला जवळजवळ डोक्यावर येतो. सिंहेतल्या लिओनिड्ससाठी मध्यरात्र उलटेपर्यंत ताटकळावं लागतं. इथे जेवण उरकून नऊला चटई टाकली तरी काम सुरू. उल्का तशा संथही असतात, सेकंदाला ३५ किलोमीटर. लिओनिड्सच्या ७१ किलोमीटरपुढे हा वेग निम्माच, त्यामुळे नवख्यालाही ‘ती बघ’ म्हणेपर्यंत दिसते. वर्षावाचा जनकही जरा विचित्रच आहे. बहुतेक उल्कावर्षावांमागे धूमकेतू असतो. जेमिनिड्समागे आहे ३२०० फेथॉन हा लघुग्रह, १९८३ साली आयआरएएस या उपग्रहाच्या निरीक्षणांतून सापडलेला. दीड वर्षाच्या आत तो सूर्याभोवती फेरी मारतो आणि बुधापेक्षाही सूर्याच्या जवळ जाऊन येतो. त्याच्या मागे राहिलेल्या भरडीतून पृथ्वी दर डिसेंबरात जाते.

एवढं सगळं जुळून आलेलं असताना पुण्या-मुंबईच्या गच्चीवर तासभर झोपलेल्या माणसाला पाच-सात उल्का दिसतात आणि ‘शंभर म्हणाले होते’ असं पुटपुटत तो खाली जातो. त्याला कोणी फसवलेलं नसतं. छापलेला आकडा खरा असतो, फक्त तो ज्या आकाशासाठी काढलेला असतो ते आकाश त्याच्या डोक्यावर उरलेलं नसतं. माझ्या मते हा खगोलशास्त्राचा नव्हे, नगरपालिकेचा आणि ग्रामपंचायतीचा प्रश्न आहे. आणि तो तिथे मांडायचं काम ज्यांनी करायला हवं, ते आपण हौशी निरीक्षक, आजवर चटई उचलून आणखी लांब जाण्यापलीकडे फारसं काही करत आलेलो नाही.

आधी हिशेब. उल्कावर्षावाचा जो ताशी दर सांगतात तो एका आदर्श स्थितीचा असतो: उगमबिंदू थेट डोक्यावर आणि साध्या डोळ्यांना साडेसहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतील इतका काळोख (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितका तारा मंद). जेमिनिड्ससाठी हा दर १२० ते १५० धरतात. आता मंद उल्का नेहमीच जास्त आणि ठळक उल्का कमी असतात. प्रत एकाने उतरली की उल्कांची संख्या या वर्षावात साधारण २.६ पटींनी वाढते. म्हणजे आकाश उजळून एक प्रत हरवली की दिसणाऱ्या उल्का २.६ पटींनी घटतात. ताशी १२० धरले तर साडेपाचव्या प्रतीपर्यंत दिसणाऱ्या गावाबाहेरच्या माळावर ४६ उरतात. साडेचारव्या प्रतीच्या उपनगरात १८. साडेतीनव्या प्रतीच्या शहरात सात. इतक्या उजळ आकाशात हे गणित फार काटेकोर राहत नाही हे खरं, पण अंदाज चुकत नाही.

या सूत्रातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. निरीक्षकाने फक्त उल्का मोजून चालत नाही. दर थोड्या वेळाने त्याला आकाशातला एक ठरलेला त्रिकोण किंवा चौकोन घेऊन त्यातले दिसणारे तारे मोजावे लागतात; त्यावरून त्या क्षणी कितव्या प्रतीपर्यंत दिसत होतं हे निघतं आणि ते नोंदीत लिहावं लागतं. हे लिहिलं नाही तर उल्कांचा आकडा निरुपयोगी. १९८८ साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल मिटिओर ऑर्गनायझेशनकडे जगभरातल्या हौशी लोकांच्या अशा नोंदी जातात आणि त्यावरून त्या वर्षीच्या वर्षावाचा आलेख काढला जातो. आकाश फार उजळ असेल तर मोजलेला आकडा आदर्श काळोखाच्या हिशेबात आणण्यासाठीचा दुरुस्तीचा गुणक इतका वाढतो की ती नोंद विश्लेषणातून बाजूला काढली जाते. म्हणजे ज्या ज्या मंडळाने दहा-वीस वर्षं इमानेइतबारे उल्का मोजल्या आहेत, त्याच्या कपाटात आपल्या परिसरातला काळोख वर्षागणिक कसा आटला याचीही वही पडून आहे. उल्कांचे आकडे परदेशी पाठवले गेले. काळोखाचा रकाना मात्र आपल्याच तालुक्यात कोणाला दाखवला गेला नाही.

हौशी माणसांच्या नोंदी म्हणजे फावल्या वेळचा उद्योग, असं ज्यांना वाटतं त्यांनी दोन गोष्टी पाहाव्यात. १८३३ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत लिओनिड्सचं वादळ झालं तेव्हा येल विद्यापीठातले डेनिसन ओल्मस्टेड यांनी वर्तमानपत्रांतून लोकांना आवाहन करून निरीक्षणं मागवली. उल्कांचा अभ्यास शास्त्र म्हणून उभा राहिला तो त्या पत्रांवर. दुसरी गोष्ट ताजी. जानेवारी २०२३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास आला. २०११ ते २०२२ या काळात सामान्य लोकांनी साध्या डोळ्यांनी केलेली ५० हजारांहून अधिक ताऱ्यांची निरीक्षणं त्यात तपासली होती. निष्कर्ष असा की रात्रीचं आकाश दरवर्षी सरासरी ९.६ टक्क्यांनी उजळत आहे. आठ वर्षांत दुप्पट. ही निरीक्षणं मुख्यतः युरोप आणि उत्तर अमेरिकेतली आहेत, तेव्हा आकडा जसाच्या तसा आपल्याला लावू नये. पण याच काळात उपग्रहांच्या मोजमापात वाढ बरीच कमी दिसत होती, आणि हा फरक का पडला ते आपल्या कामाचं आहे. ते उपग्रह निळसर प्रकाशाला आंधळे आहेत, आणि जगाने याच वर्षांत पिवळे सोडियमचे दिवे काढून पांढरे-निळसर एलईडी लावले. उपग्रहाला जे दिसलं नाही ते अंगणात उभ्या असलेल्या माणसाला दिसलं.

आपल्याकडे ही लाट जानेवारी २०१५ पासून आली. पथदिव्यांच्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली देशभर एक कोटीहून अधिक एलईडी पथदिवे बसले. वीज वाचली, पालिकांची बिलं उतरली, हे नाकारण्याचं कारण नाही. एलईडीला माझा विरोध नाही. उलट एलईडी हा हवा तिकडेच वळवता येणारा, हवा तेव्हा मंद करता येणारा दिवा आहे, सोडियमला ते जमत नव्हतं. पण बसवताना आपण दोन्ही गुण वाया घालवले. पांढराशुभ्र म्हणजे आधुनिक, या समजुतीने निळसर दिवे घेतले. निळा प्रकाश हवेत जास्त विखुरतो, दिवसा आकाश निळं दिसतं त्याच कारणाने, त्यामुळे तेवढ्याच विजेत आकाश जास्त उजळतं. वर वीज स्वस्त पडते म्हणून एका दिव्याच्या जागी तीन आले.

आणि मग हायमास्ट. महाराष्ट्राच्या खेड्यातल्या रात्रीचा गेल्या पंधरा-वीस वर्षांतला सगळ्यांत मोठा बदल कोणता, असं विचारलं तर मी हायमास्टचं नाव घेईन. चौकात, मंदिरापुढे, फाट्यावर, स्मशानभूमीत. बारा मीटरचा खांब, वर चारी दिशांना वाकडी मान करून बसवलेले फ्लड लाइट, खाली आमदार किंवा खासदार निधीची पाटी. गटार कुठे गेलं ते दिसत नाही, हायमास्ट मात्र दोन गावं पलीकडून दिसतो, आणि निधी देणाऱ्याला तेच हवं असतं. या दिव्याची दिशा कोणी ठरवत नाही. खांब उभा राहिला, बटण दाबून फोटो निघाला की काम संपलं. निम्मा उजेड शेजारच्या उसावर आणि आकाशात जातो, आणि त्याचं बिल ग्रामपंचायत भरते, किंवा थकवते. मग कनेक्शन तोडलं जातं आणि गावाला मोफत काळोख मिळतो. हा विनोद मी करत नाही, थकीत बिलापायी गावचे पथदिवे बंद पडल्याच्या बातम्या आपण सगळेच वाचतो.

इथे नेहमीचा आणि योग्य आक्षेप येतो: शहरातल्या चार लोकांना तारे पाहायचेत म्हणून खेड्यातल्या बायकांनी अंधारात चालायचं का? जुन्नर-शिरूरकडे उसात बिबट्या असतो, पावसाळ्यात घोणस-फुरसं असतं, आणि शेतीपंपाची वीज रात्रीच्या पाळीत आली की शेतकऱ्याला दोन वाजता दारं धरायला जावं लागतं. त्याला ‘आकाशगंगा जपा’ म्हणून सांगायला जाणं हा शुद्ध आगाऊपणा आहे. मी तर म्हणेन, त्या शेतकऱ्याच्या हातातली बॅटरी आणि विहिरीवरचा बल्ब कोणत्याही नियमाच्या बाहेर ठेवावा. त्याला खरी गरज दिवसा विजेची आहे, आणि सौर कृषी वाहिनी योजनेचं आश्वासन तेच आहे. ते पुरं झालं तर रात्री शिवारात जाण्याची पाळीच कमी येईल. त्याचं आकाश त्याच्या बल्बने पुसलेलं नाही.

पण हायमास्टने बाई सुरक्षित होते का? खांबाखालून दहा पावलं बाहेर पडून पाहावं. डोळे त्या झगमगाटाला सरावलेले असतात, त्यामुळे पलीकडची बोळ आधी होती त्यापेक्षा काळी दिसते. घाटात समोरून अप्पर मारत येणाऱ्या ट्रकचा अनुभव प्रत्येक चालकाला आहे: उजेड भरपूर, दिसत काहीच नाही. रस्त्यावर समान पसरलेला, खाली वळवलेला, डोळ्यांत न जाणारा कमी उजेड चालणाऱ्याला जास्त उपयोगी असतो. एका हायमास्टच्या पैशात वस्तीच्या वाटेवर खाली तोंड असलेले कितीतरी छोटे दिवे बसतात. जिथे बाया पहाटे खरोखर चालतात तिथे बसतात. तेव्हा सुरक्षितता आणि काळोख एकमेकांच्या विरोधात उभे नाहीत. दोघांच्या विरोधात एकच गोष्ट उभी आहे, ती म्हणजे वाकड्या मानेचा दिवा.

आता सरकारदरबारी या प्रश्नावर जे उत्तर पुढे येतंय त्याबद्दल. डिसेंबर २०२२ मध्ये लडाखमधल्या हानले परिसरात १,०७३ चौरस किलोमीटरचं काळोखाचं राखीव क्षेत्र अधिसूचित झालं. तिथे साडेचार हजार मीटर उंचीवर वेधशाळा आहे, तिच्यासाठी ते हवंच होतं. जानेवारी २०२४ मध्ये आपल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला डार्कस्काय इंटरनॅशनल या संस्थेचं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून प्रमाणपत्र मिळालं, भारतातलं पहिलं. अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे. पण बातमी कशी रंगली? दुर्बीण, मनोरा, खगोल पर्यटन, रोजगार. पेंचमध्ये खरं काम झालं ते वाघोडा, सिल्लारीसारख्या जंगलाकाठच्या गावांत: तिथले रस्त्यावरचे आणि सार्वजनिक जागांचे शंभरावर दिवे बदलून जमिनीकडे तोंड असलेले बसवले. गाव अंधारात बुडालं नाही. गावात उजेड राहिला आणि वर काळोख राहिला. हे जर व्याघ्र प्रकल्पाशेजारच्या गावाला जमतं तर मुळशीला, संगमेश्वरला, औशाला का जमू नये, हा प्रश्न त्या दिवशी विचारला जायला हवा होता. त्याऐवजी ‘आणखी कुठे डार्क स्काय पार्क करता येईल’ याची चर्चा झाली.

मला या राखीव काळोखाची धास्ती वाटते. एक जागा राखीव केली की बाकीची आपोआप मोकळी सुटते. उद्या कोणी हरकत घेतली तर उत्तर तयार असेल: तारे पाहायचेत ना, मग पेंचला जा. सावंतवाडीच्या किंवा गडहिंग्लजच्या मुलीला पेंच म्हणजे राज्याचं दुसरं टोक. गाडी, मुक्काम, रजा, सगळा खर्च. जी गोष्ट तिच्या आजीला दारात बाज टाकून फुकट मिळत होती ती सहलीच्या पॅकेजात जाते. २०१६ च्या जागतिक नकाशानुसार जगातल्या ८० टक्क्यांहून अधिक लोकांच्या डोक्यावरचं आकाश कृत्रिम उजेडाने डागाळलेलं आहे, आणि एक तृतीयांशाहून अधिक लोकांना आपल्या राहत्या ठिकाणाहून आकाशगंगा दिसत नाही. या लोकांना बसमध्ये घालून राखीव काळोखात नेणं हा उपाय होऊ शकत नाही.

पॅकेजवाल्यांचं तर काय सांगावं. डिसेंबर आला की पवनेच्या काठी, कर्जतला, भंडारदऱ्याला ‘उल्कावर्षाव कॅम्प’ लागतात. तंबूंवर रंगीत माळा, मध्ये शेकोटी, बाजूला बार्बेक्यू, साउंड सिस्टिम, आणि बारा वाजता एक मुलगा हिरवा लेझर आकाशात फिरवून मृग नक्षत्र दाखवतो. अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटं लागतात. इथे दर दोन मिनिटांनी कोणाचा तरी मोबाइल चमकतो. भंडारदऱ्याच्या परिसरात काजव्यांच्या दिवसांत गाड्यांच्या हेडलाइटने जे होतं तेच इथे ताऱ्यांचं होतं, फरक इतकाच की तारे मरत नाहीत. काजव्यांसाठी आता निदान वन विभाग काही बंधनं घालतो.

हौशी मंडळांचं यापेक्षा कितीतरी बरं आहे, पण त्यांनाही एक खोड जडली आहे. महाराष्ट्रात ही चळवळ जुनी आणि भक्कम. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ सालची, मुंबईचं खगोल मंडळ, कल्याणचं आकाश मित्र मंडळ, शिवाय जिल्ह्याजिल्ह्यांतले गट. लाल जिलेटीन लावलेली बॅटरी, सतरंजी, स्वेटर-मफलर, एकाने घड्याळ धरून लिहायचं आणि बाकीच्यांनी चारी दिशा वाटून घेऊन सांगायचं: प्रत किती, जेमिनिड की भटकी. १९९८ ची लिओनिड्स आठवणाऱ्यांना ठाऊक आहे की या शिस्तीचं मोल काय. त्या वर्षी जोराचा वर्षाव १७-१८ नोव्हेंबरच्या मध्यरात्रीनंतर सांगितला होता. प्रत्यक्षात ठळक अग्निगोल आदल्याच रात्री, १७ च्या पहाटे बरसले. बातमी वाचून गेलेले हुकले, आदल्या रात्रीही जाणाऱ्यांना ते दिसले.

खोड अशी की उजेड आला की आपण जागा बदलतो. मुंबईकर वांगणीला जात, कारण लोकलने जाता येई आणि पलीकडे काळोख होता. आता बदलापूर वांगणीच्या उशाशी आलं आहे. पुण्याची मंडळी सिंहगडाच्या पायथ्यापासून पानशेतकडे, मग वेल्ह्याकडे, मग भोरच्याही पुढे सरकली. प्रत्येक वेळी नवी जागा सापडल्याचा आनंद, आणि मागच्या जागेबद्दल एक उसासा. गाडी नसलेला कॉलेजातला मुलगा प्रत्येक स्थलांतरात गळतो. ज्या गावात आपण वीस वर्षं चटया टाकल्या, चहा प्यायला, शाळेच्या ओट्यावर झोपलो, त्या गावाने हायमास्ट लावायचं ठरवलं तेव्हा आपल्यातलं कोणी त्या बैठकीत होतं का? लावू नका म्हणायला नव्हे. तोंड खाली करा एवढं सांगायला तरी?

सांगितलं असतं तर ऐकलं असतं का, याबद्दल मी तितका निराश नाही, कारण आकाशासाठी जमिनीवरच्या गोष्टी हलवण्याची उदाहरणं आपल्याच राज्यात आहेत. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे. तिला उजेड चालतो, पण रेडिओ गोंगाट चालत नाही. तिच्यासाठी पुणे-नाशिक रेल्वेमार्गाची आखणी बदलण्याची वेळ आली. रेल्वेची वाट पाहणाऱ्या जुन्नर-आंबेगावच्या लोकांना ते रुचलेलं नाही, आणि त्यांचा राग मला समजतो. दुर्बिणीचा लाभ जगाला आणि तोटा आपल्याला, हा हिशेब कोणालाही बोचेल. पण मुद्दा असा की एवढी मोठी गोष्ट सरकार बदलू शकतं. दिव्याची मान वाकवण्यात तर कोणाचंच काही जात नाही, गावाचं बिल उलट कमी होतं.

कोकणात वेळास-आंजर्ल्याला आणि गोव्यात मोरजी, आगोंद, गालजीबागला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं अंड्यातून निघाली की उजळ क्षितिजाकडे धावतात. समुद्राऐवजी शॅकचे दिवे उजळ असले तर ती उलटी फिरतात. त्यामुळे अंडी घालण्याच्या किनाऱ्यांवर प्रखर दिव्यांना आवर घालावा लागतो, हे तिथल्या प्रशासनाने मान्य केलेलं आहे. पुण्यात गणेशोत्सवातल्या लेझर बीमवर पोलिसांनी बंदीचे आदेश काढले, कारण डोळ्यांना इजा झाल्याच्या तक्रारी आल्या. म्हणजे उजेड त्रासदायक होऊ शकतो, हे तत्त्व आपण तुकड्या-तुकड्याने स्वीकारलेलं आहे. आवाजाच्या बाबतीत आपण ते सरसकट स्वीकारलं: २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम आले आणि रात्री दहानंतरचा भोंगा हा तक्रारीचा विषय झाला. त्याआधी लग्नातला लाउडस्पीकर हा ज्याच्या त्याच्या हौसेचा मामला होता. अंमलबजावणी कशी होते ते आपण जाणतो, पण निदान तक्रार कुठे करायची ते माहीत आहे. समोरच्या होर्डिंगचा उजेड रात्रभर बेडरूममध्ये येत असेल तर बोट ठेवायला देशभर लागू असा वेगळा कायदा नाही. फ्रान्सने २०१३ पासून दुकानांच्या काचेतले दिवे रात्री एकपर्यंत आणि कचेऱ्यांचे दिवे शेवटचा माणूस गेल्यावर तासाभरात बंद करण्याचा नियम केला, २०१८ मध्ये बाहेरच्या दिव्यांसाठी आणखी तपशीलवार आदेश काढला. पॅरिस काही काळोखात गेलं नाही.

राज्याने असे नियम करावेतच. पण मी त्यांची वाट पाहत बसणार नाही, कारण दिवा कोणता लागतो हे कायद्याच्या आधी निविदेत ठरतं. निविदेत आज फक्त वॅट, हमी आणि किंमत असते. त्यात लिहायचं ते एवढंच: दिव्याची काच जमिनीला समांतर, आडव्या रेषेच्या वर उजेड शून्य, रंग-तापमान ३,००० केल्विन किंवा त्याखाली (म्हणजे निळसर नव्हे, पिवळसर), मध्यरात्रीनंतर निम्म्यावर आणण्याची सोय, जाहिरात फलक आणि सजावटीच्या माळा अकरानंतर बंद. यातला एकही तपशील महाग किंवा परदेशी नाही, असे दिवे इथल्याच बाजारात मिळतात. एक दिवस गावभर दिवे बंद ठेवण्याचे प्रतीकात्मक सोहळे मला मात्र नकोत. त्याने काळोख म्हणजे गैरसोय हीच समजूत पक्की होते.

हे निविदेत यायचं तर कोणीतरी मागायला हवं. २०२६ साली ९ डिसेंबरला अमावस्या आहे, त्यामुळे १३-१४ डिसेंबरच्या रात्री पंचमीच्या आसपासचा चंद्र लवकर मावळतो आणि पुढची सगळी रात्र मोकळी मिळते. २०२४ साली ऐन दत्तजयंतीच्या चांदण्यात जेमिनिड्स वाहून गेले होते, तसं नाही. बहुतेक मंडळं आतापासूनच जागा शोधत असतील. जागा तीच ठेवावी, मागच्या वर्षीची. त्या गावातल्या शाळेच्या मुलांना त्रिकोणातले तारे मोजायला बसवावं, एक गट हायमास्टपासून शंभर पावलांवर, दुसरा टेकडीमागे, आणि दोन्ही आकडे त्यांच्याच हातांनी वहीत उतरवून घ्यावेत. पुढे सहा आठवड्यांनी, २६ जानेवारीला, ग्रामसभा असते. तिथे बाहेरच्याला मत नसतं, पण त्या मुलांच्या आईबापांना असतं. वही त्यांच्याकडे द्यावी, सोबत मंडळाच्या जुन्या नोंदींची झेरॉक्स आणि निविदेच्या त्या पाच अटी. सरपंचांना मात्र जानेवारीपर्यंत थांबवू नये. डिसेंबरातच, रात्री दीडच्या सुमाराला, स्वेटर घालून टेकडीवर बोलवावं.